इमारत आधी कागदावर कशी उभी राहते

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपणांपैकी प्रत्येकाने ऐकली आहे. या दोन्ही कार्यांत माणसाची आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते, आणि दोहोंतही एकदा झालेली चूक सहजासहजी निस्तरता येत नाही, हा अनुभव तिच्या मुळाशी आहे. लग्नाचा विचार वडीलधाऱ्यांवर सोपवून प्रस्तुत लेखात आपण इमारतीचा तेवढा विचार करू. गवंडी पायाचा पहिला दगड बसवतो, त्यापूर्वी ती इमारत कोणाच्या तरी मनात व कागदावर अनेकदा बांधली गेलेली व अनेकदा मोडली गेलेली असते. हे काम ज्याचे, त्याला वास्तुविशारद किंवा नेहमीच्या बोलण्यात आर्किटेक्ट म्हणतात. तो हे काम कोणत्या क्रमाने करतो, हे समजून घेणे विद्यार्थ्यांना उद्बोधक आणि घर बांधू इच्छिणाऱ्या पालकांना उपयोगी होईल.

वास्तुविशारद म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागाचे सुंदर चित्र काढणारा मनुष्य, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. आपल्याकडील जुन्या शिल्पग्रंथांत बांधकामाच्या प्रमुखाला ‘सूत्रधार’ असे नाव आहे. सूत्र म्हणजे मापाची दोरी. ज्याच्या हाती माप तो प्रमुख, असा त्या नावाचा अर्थ. घोटीहून सिन्नरला गेल्यास तेथील गोंदेश्वराचे यादवकालीन देवालय अवश्य पाहावे. मधोमध मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान मंदिरे, अशी ती पंचायतनाची मांडणी आहे. त्याचे शिखर पाहताना लक्षात येते, की एकच लहान आकार थरावर थर लहान होत वर गेला आहे. असा मेळ दगड घडवता घडवता आपोआप जमत नाही. पहिला दगड बसण्यापूर्वी सर्व मापे ठरलेली असली तरच तो जमतो.

हा विषय केवळ व्याख्येने समजणारा नाही. म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. घोटी गावात विद्यार्थ्यांसाठी एक लहानसे वाचनालय बांधावयाचे आहे, अशी कल्पना करा. वास्तुविशारदाकडे हे काम आले, तर तो प्रथम काय करील? तो पेन्सिल हाती घेणार नाही. तो प्रश्न विचारील. एका वेळी किती मुले वाचावयास बसणार? पुस्तके किती, आणि दहा वर्षांनी किती होतील? लहान मुलांना वेगळी जागा हवी काय? पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चिखलाच्या चपला कोठे ठेवणार? रात्री ते उघडे राहील काय? किती पैसा हाती आहे? या प्रश्नांच्या उत्तरांतून गरजांची यादी तयार होते. समजा, एका वेळी ४० वाचक बसावेत असे ठरले. टेबल, खुर्ची व जाण्यायेण्याची वाट धरून प्रत्येक वाचकास सुमारे २५ चौरस फूट जागा लागते. म्हणजे वाचनदालन १,००० चौरस फुटांचे झाले. लांबी ४० फूट व रुंदी २५ फूट धरली की हिशेब जमतो. अशा रीतीने पहिला आकडा आला, पण इमारत अद्याप पुष्कळ दूर आहे.

दुसरी पायरी जागेची. वास्तुविशारद जमिनीवर जाऊन उभा राहतो. शक्य तर सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि पावसाळ्यात एकदा. जमिनीचा उतार कोणीकडे, पाणी कोठे साचते, खाली मुरूम आहे की काळी माती, झाडे कोणती राखता येतील, रस्ता व त्याचा गोंगाट कोणत्या बाजूस, हे तो टिपून घेतो. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते, म्हणून तिच्यावर पाया टेकवणे धोक्याचे. मुरूम अथवा खडक लागेपर्यंत खणावे लागते. घोटीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी निर्णायक आहेत. पहिली गोष्ट पाऊस. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पडत नाही. घोटी गाव इगतपुरीच्या शेजारी, सह्याद्रीच्या माथ्यालगत असल्याने येथे पाऊस केवळ वरून पडत नाही. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर त्याची झड आडवी येते. दुसरी गोष्ट सूर्य. घोटी सुमारे पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, २१ मार्चच्या सुमारास ७० अंशांवर येतो, आणि जूनमध्ये माथ्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. भूगोलाच्या तासाला शिकलेले अक्षांश असे खिडकीपर्यंत येऊन पोहोचतात.

आता पेन्सिल हाती घ्यावयाची. पण या वेळी काढलेली चित्रे नेटकी नसतात. पातळ कागदावर एक रेखाटन करावयाचे, त्यावर दुसरा पातळ कागद ठेवून त्यातील चांगले तेवढे उचलावयाचे आणि उरलेले सोडून द्यावयाचे, अशी ही रीत आहे. पहिल्या रेखाटनात आपले दालन उत्तर-दक्षिण लांब ठेवले, असे समजा. त्यायोगे लांब भिंती पूर्वेस व पश्चिमेस येतात. सकाळसंध्याकाळचे कललेले ऊन थेट पुस्तकांवर पडते, कारण क्षितिजालगतच्या सूर्याला कोणताही छज्जा अडवू शकत नाही. आणि पावसाची झड चाळीस फुटी पश्चिम भिंतीवर आदळते. म्हणून दुसऱ्या रेखाटनात दालन फिरवून पूर्व-पश्चिम लांब करावयाचे. आता लांब भिंती उत्तरेस व दक्षिणेस आल्या. पश्चिमेस केवळ पंचवीस फुटांची भिंत उरली, आणि तिला खिडकी न ठेवता बाहेरून पडवी काढली, की झड पडवीवर थांबते. छत्र्या व चपला यांचा प्रश्नही त्याच पडवीने सुटला. एका उपायाने दोन अडचणी दूर झाल्या, म्हणजे रेखाटन योग्य वाटेला लागले असे समजावे.

असाच विचार मोठ्या शहरांतील मोठ्या इमारतींतही करावा लागतो. मुंबईत कंबाला हिलवर ‘कांचनजंगा’ नावाची २८ मजली इमारत आहे. चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला, आणि १९८३ साली ती पूर्ण झाली. तेथील पेच असा होता : समुद्राचे दृश्य आणि सुखद वारा पश्चिमेकडून, आणि दुपारचे कडक ऊन व पावसाचा मारा हाही पश्चिमेकडूनच. खिडक्या उघडाव्यात तर घर भिजते. बंद कराव्यात तर वारा जातो. कोरियांनी मुंबईच्या जुन्या बंगल्यांकडे पाहिले. त्या बंगल्यांच्या सभोवार व्हरांडे असत, व ते ऊनपाऊस अंगावर घेऊन आतील खोल्यांना वाचवीत. तोच व्हरांडा त्यांनी उंच इमारतीत नेला. प्रत्येक घराला कोपऱ्यावर दोन मजले उंचीचा उघडा सज्जा दिला व त्यात झाडांसाठी जागा ठेवली. आपल्या आजोबांच्या घराची ओसरी आणि मुंबईतील हा उंच मनोरा यांच्यामागे एकच विचार आहे. जुने पाहून त्याची नक्कल करणे निराळे, आणि जुन्याने कोणता प्रश्न कसा सोडविला ते ओळखणे निराळे. वास्तुविशारदाला दुसरी गोष्ट साधावी लागते.

आपल्या वाचनालयाकडे परत वळू. येथपर्यंत आपण वरून पाहिलेले चित्र, म्हणजे तलचित्र, काढीत होतो. सामान्य बोलण्यात यालाच नकाशा म्हणतात. परंतु केवळ तलचित्रावर विसंबून राहणे धोक्याचे असते. कलिंगड कापल्यावाचून त्याचे आतले रूप कळत नाही, तशी इमारतही उभी कापली आहे अशी कल्पना करून तिचा छेद काढावा लागतो. उजेडाविषयी एक ढोबळ नियम असा, की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, तिच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंत वाचण्याजोगा उजेड आत पोहोचतो. कड ७ फुटांवर असेल तर उजेड १४ फुटांपर्यंत जाईल. आपले दालन २५ फूट रुंद. म्हणून उत्तर व दक्षिण दोन्ही भिंतींना खिडक्या हव्यात. दक्षिणेची खिडकी ४ फूट उंच असल्यास मार्चच्या उन्हासाठी तिच्यावर दीड फुटाचा छज्जा पुरतो. त्रिकोणमितीचे कोष्टक उघडून हे कोणासही पडताळून पाहता येईल. पण झड ४५ अंशांनी आली, तर दीड फुटाचा छज्जा खिडकीचा वरचा दीड फूटच वाचवतो आणि खालचे अडीच फूट भिजतात. ऊन एक सांगते, पाऊस दुसरे सांगतो. पावसाचे ऐकावयाचे, तर वळचण चार फूट बाहेर काढली पाहिजे.

येथे छेद आपणांस एक गोष्ट दाखवितो, जी तलचित्रात कधीही दिसली नसती. छपराच्या पाख्यांना ३० अंशांचा उतार दिला, तर मधले आढे भिंतीपेक्षा सुमारे सव्वासात फूट वर जाते, आणि भिंतीबाहेर चार फूट गेलेली वळचण सुमारे २ फूट ४ इंच खाली उतरते. भिंत ९ फूट उंच असेल, तर वळचणीची कड ६ फूट ८ इंचांवर येईल, म्हणजे खिडकीच्याही खाली! उजेड अडेल, आणि उंच मनुष्याला वाकून जावे लागेल. उपाय म्हणून भिंत १० फूट केली, की कड ७ फूट ८ इंचांवर जाते. मग झडीने खिडकीचा खालचा वीतभर भागच भिजतो, आणि तेवढ्यापुरती खिडकीची खालची कड वर उचलता येते. पण भिंत फूटभर वाढली म्हणजे विटा, चुना किंवा सिमेंट व मजुरी वाढली. शिवाय रुंद वळचणीमुळे दालनाच्या मध्यभागी उजेड कमी पडू लागला, म्हणून आढ्यालगत काही काचेची कौले बसवावी लागली. एक दुरुस्ती दुसरी अडचण निर्माण करते. तिचे निवारण करताना तिसरे काही सुचते. आराखडा विकसित होतो म्हणजे नेमके हेच होते. तो प्रतिभेच्या एका झटक्यात अवतरत नाही.

कौलांचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. आपण ज्यांना मंगळुरी कौले म्हणतो, त्यांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूर येथे काढला. एकमेकांत अडकणारे ते सपाट कौल जुन्या नळीच्या कौलांपेक्षा वाऱ्यापावसात अधिक टिकाव धरी, म्हणून ते पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर सर्वत्र पसरले. हल्ली काँक्रीटचा सपाट धाबा शहरांप्रमाणेच खेडोपाडीही दिसतो. धाब्याचे फायदे आहेत. त्यावर धान्य वाळवता येते, पुढे मजला चढवता येतो. परंतु जेथे पाऊस एवढा, तेथे धाब्याला योग्य उतार, पाणी निघण्याची वाट आणि गळतीरोधक थर या गोष्टी आराखड्यातच ठरवाव्या लागतात. कोरड्या मुलखातील घराचा नकाशा जसाच्या तसा येथे आणला, तर त्याचा दोष पहिल्याच आषाढात छतावर उमटतो. आणखी एक हिशेब पाहा. आपल्या १,००० चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावरून सुमारे ९,३०० लिटर पाणी वाहून जाते. ते पन्हळीने टाकीत नेले तर उपयोगी पडेल. जोत्याशी सांडू दिले तर पाया पोखरील. ज्या तालुक्यात श्रावणात पाणी आवरत नाही, त्याच तालुक्यातील कित्येक वाड्यांवर वैशाखात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हे ध्यानात घेता पन्हळ व टाकी ही मागाहून सुचावयाची गोष्ट नव्हे.

यानंतर प्रवेशाचा विचार. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून जोते २ फूट उंच ठेवले, असे समजा. सहा इंचांची एक, अशा चार पायऱ्या झाल्या. परंतु चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलाने काय करावे? त्याच्यासाठी उतरण हवी. आणि ती सोपी व्हावी तर एक फूट चढण्यास बारा फूट लांबी द्यावी लागते. दोन फुटांसाठी चोवीस फूट! एवढी लांब उतरण मागाहून कोठे तरी चिकटवता येत नाही. दरवाजा कोणत्या बाजूस, हाच प्रश्न तिच्यामुळे पुन्हा उघडावा लागतो. दाराचेही तसेच. जेथे अनेक मुले एकत्र बसतात, तेथे बाहेर पडण्याचे दोन वेगवेगळे मार्ग असावेत आणि दारे बाहेर उघडावीत. कारण घाबरलेला जमाव दारावर लोटतो, व आत उघडणारे दार त्या दाबाने उघडेनासे होते. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागली व ९४ बालके प्राणास मुकली. गवताचे छप्पर आणि बाहेर पडण्याच्या अपुऱ्या वाटा या दोन गोष्टींनी त्या अनर्थात भर घातली. नकाशावर दार म्हणजे बोटभर रेघ. ती कोठे ओढली जाते यावर मुलांचे जीव अवलंबून असतात. पालकांनी शाळेची इमारत पाहताना दर्शनी कमानीपूर्वी हे पाहावे.

पुढील पायरी मजबुतीची. येथे वास्तुविशारद स्थापत्य अभियंत्याला सोबत घेतो. भार किती, तो कोणत्या मार्गाने पायापर्यंत उतरतो, वासे व तुळया किती जाड असाव्यात, हे अभियंता गणिताने ठरवतो. हा विचार लांबणीवर टाकल्यास काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संगीतनाट्यगृहाचे होय. योर्न उत्झन या डॅनिश वास्तुविशारदाचा आराखडा १९५७ साली स्पर्धेत पहिला आला. शिडांसारखी दिसणारी त्याची छपरे सर्वांना आवडली. मात्र ती बांधावयाची कशी, हे तोपर्यंत कोणीच सोडविले नव्हते. १९५९ साली बांधकाम सुरू झाले, तरी छपराचा प्रश्न तसाच होता. अखेर सर्व छपरे एकाच गोलाचे तुकडे मानली, तर त्यांचे भाग सारख्या साच्यांतून ओतता येतील, हा मार्ग सापडला. इमारत १९७३ साली खुली झाली. ७० लाख डॉलरांचा प्रथम अंदाज होता. खर्च सुमारे १० कोटी २० लाख डॉलर झाला. इमारत आज जगाला भूषणभूत आहे हे खरे. परंतु घोटीच्या वाचनालयाला, किंवा तुमच्याआमच्या घराला, अंदाजाच्या चौदापट खर्च कोण देणार?

आराखडा ठरला, की तो इतरांना समजावून देण्याचे काम येते. येथे आपल्याच लोहमार्गाचे उदाहरण देतो. घोटी स्थानकावरून मुंबईकडे जाणारी गाडी थळ घाट उतरून ज्या स्थानकात पोहोचते, ते आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुने बोरीबंदर येथील व्हिक्टोरिया टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी त्याचा आराखडा केला. त्यासाठी त्यांनी युरोपात जाऊन तेथील मोठी स्थानके पाहिली. तयार आराखड्यावरून ॲक्सेल हेग या चित्रकाराने एक भव्य रंगचित्र काढले, कारण मापांच्या रेघा वाचता न येणाऱ्यालाही भावी इमारत डोळ्यांसमोर दिसावी लागते. १८७८ साली काम सुरू झाले व दहा वर्षांनी, १८८८ साली, पूर्ण झाले. दगडातील पानेफुले, पशुपक्षी व जाळ्या यांचे पुष्कळसे नक्षीकाम मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडविले. २००४ साली युनेस्कोने या वास्तूस जागतिक वारशाचा मान दिला. त्यात वास्तुविशारदाइतकाच त्या विद्यार्थ्यांच्या छिन्नीचाही वाटा आहे.

मोहक रंगचित्राने गवंड्याचे काम भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याला प्रत्येक दाराची, खिडकीची, पायरीची व सांध्याची मापे हवीत. म्हणून अखेरीस कामाचे नकाशे होतात. त्यांत दालन शंभरपट लहान, तर वळचणीचा सांधा कदाचित पाचपटच लहान काढलेला असतो. हल्ली हे काम संगणकावर होते, व त्यामुळे एक भिंत हलविली तर सर्व चित्रांत ती आपोआप हलते. पण ती का हलवावी, हे संगणक ठरवीत नाही. बांधकाम सुरू झाल्यावरही वास्तुविशारद जागेवर जातो. ओळंबा लावून भिंत पाहतो, आणि गवंडी व सुतार यांचे म्हणणे ऐकतो. ज्याने तीस पावसाळे कौले चढविली, त्याला पाणी कोठून शिरते हे पुष्कळ वेळा पुस्तकांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्याने सुचविलेली दुरुस्ती योग्य असेल तर नकाशा बदलण्यात कमीपणा नाही. फक्त ती आधी कागदावर उतरवावी व मग भिंतीत.

विद्यार्थिमित्रहो, या लेखातील गोष्टी पारखून पाहण्यास मोठी इमारत नको. येत्या सुट्टीत आपल्या घरातील एक खोली दोरीने अथवा फूटपट्टीने मोजा, आणि चौकटीच्या कागदावर एका चौकोनास एक फूट धरून तिचे तलचित्र काढा. मग त्याच खोलीचा छेद काढा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार वाजता ऊन कोठवर येते तेथे खूण करा. पावसाळ्यात ओल कोठे धरते तेही लिहा. आजी दुपारी कोठे बसते, आई स्वयंपाक करताना धूर कोणीकडे जातो, तुम्ही अभ्यासाला कोणता कोपरा धरता, हे टिपा. नंतर एक खिडकी हलवावयाची मुभा मिळाली तर ती कोठे न्याल, ते दुसऱ्या पातळ कागदावर काढून वडिलांना दाखवा व कारणे सांगा. पालकांनीही तो कागद मुलाचा खेळ समजून बाजूस सारू नये. घरात पुढे कधी खोली वाढवावयाची किंवा छप्पर बदलावयाचे झाले, तर गवंड्याला बोलावण्यापूर्वी तोच कागद पुन्हा काढून त्यावर घरातील सर्वांनी मिळून विचार करावा.